कांगोत २००३ पासून शस्त्रबंदी आहे, मग गोमा पडलं कसं?

माजी_सुभेदार (बेळगाव कॅम्प)

नमस्कार मंडळी.

जानेवारी २०२५ च्या शेवटी एम-२३ या बंडखोर गटाने पूर्व कांगोतलं गोमा शहर घेतलं आणि पुढच्याच महिन्यात बुकावू. तेव्हापासून कॅन्टीनच्या रांगेत आम्ही जुनी माणसं भेटलो की हाच विषय निघतो. बेळगाव, खानापूर, चंदगड भागातल्या बऱ्याच घरांत संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेची निळी टोपी जपून ठेवलेली आहे. गोमा आमच्यासाठी नकाशावरचं नाव नाही. मी तिथं पोस्टवर होतो, त्या काळ्या लाव्हाच्या रस्त्यांवरून गस्त घातलेली आहे.

प्रश्न असा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने जुलै २००३ मध्ये ठराव १४९३ करून पूर्व कांगोच्या किवू आणि इतुरी भागांतल्या सशस्त्र गटांना शस्त्रं द्यायला बंदी घातली. २००५ मध्ये पुढाऱ्यांवर प्रवासबंदी आणि मालमत्ता गोठवण्याची तरतूद आली. एम-२३ चा लष्करी म्होरक्या सुलतानी माकेंगा याचं नाव नोव्हेंबर २०१२ मध्येच निर्बंधांच्या यादीत गेलं आणि डिसेंबरअखेर सगळा गट. इतकी वर्षं बंदी असताना त्यांच्याकडे शहर घेण्याइतका दारूगोळा येतो कुठून?

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे चर्चा भरकटणार नाही. बंडखोरावर घातलेली बंदी त्याला लागत नाही, त्याला माल पुरवणाऱ्या शेजाऱ्याला लागली तरच लागते. जिथं परिषदेने पुरवठादाराचा हात धरला तिथं बंड संपलं. जिथं नुसती जंगलातल्या माणसाची नावं लिहिली, तिथं आमच्यासारखे शिपाई वाळूच्या पोत्यांमागे बसून राहिले.

तिथली एक गोष्ट डोळ्यासमोरून जात नाही. शरण आलेल्यांची हत्यारं आम्ही ताडपत्रीवर मांडायचो. एका पोराची रायफल होती, दस्ता मोडलेला, सायकलच्या ट्यूबने आवळून बांधलेला. गोळ्या साखरेच्या प्लॅस्टिक पिशवीत. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ गटाचा माणूस आला, उकिडवा बसला आणि एकेक काडतूस उलटं करून बुडावरच्या खुणेचा फोटो काढत गेला. शेजारी मापाची पट्टी ठेवून. कारखाना कुठला, साल कुठलं, हे त्या बुडावर असतं. रायफल जुनीपुराणी आणि काही गोळ्या मात्र अगदी अलीकडच्या सालातल्या. बंदीच्या नंतरच्या.

येळ्ळूरचा_गडी

सुभेदार काका, मी भरतीची तयारी करूलोय, म्हणून विचारतो. प्रवासबंदी म्हणजे नेमकं काय? तो माकेंगा जंगलातच राहतोय की. त्याला कुठं विमानानं जायचंय?

निपाणीची_मास्तरीण

मी राज्यशास्त्र शिकवते, म्हणून यात शिरते.

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या सातव्या प्रकरणात कलम ४१ आहे. बळाचा वापर न करता कोणते उपाय करायचे ते परिषद त्याखाली ठरवते आणि ते सगळ्या सदस्य देशांवर बंधनकारक असतात. प्रवासबंदी म्हणजे यादीतल्या माणसाला कुठल्याही देशाने आत घ्यायचं नाही, आपल्या हद्दीतून पुढेही जाऊ द्यायचं नाही. पण स्वतःच्याच नागरिकाला स्वतःच्या देशात येण्यापासून अडवायची सक्ती कोणावर नाही. त्यामुळे जो माणूस आपल्याच देशाच्या डोंगरात बसलाय त्याला ती जाणवत नाही, हे तुझं बरोबर. जाणवते ती त्याच्या बाहेरच्या माणसांना. पैसे गोळा करणारा, हिरे विकणारा, वाटाघाटीला हॉटेलात बसणारा. अंगोलाच्या युनिटा बंडखोरांवर १९९७ मध्ये ठराव ११२७ झाला, तेव्हा त्यांच्या वरिष्ठांना आणि कुटुंबीयांना प्रवास बंद झाला आणि परदेशातली कार्यालयंही बंद करायला लावली. तो खरा घाव होता.

आणि अपवाद असतात. अफगाणिस्तानचे तालिबानी परराष्ट्रमंत्री मुत्तकी ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीला आले, देवबंदलाही गेले. ते यादीत आहेत. परिषदेच्या समितीने ठरावीक तारखांपुरती सूट दिली म्हणून ते येऊ शकले.

शहापूर_पेठ

प्रवासबंदी हे आपल्या सीमाभागाला नवीन नाही. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्र्यांनाच बेळगावात यायला जिल्हा प्रशासनाने मनाई केली होती. मेळावा असला की सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर कोणाकोणाच्या गाड्या अडवतात ते आपण बघत आलोय. म्हणून अशा याद्यांबद्दल माझ्या मनात आधी शंका येते. यादी कोण करतं? ज्याचं नाव घातलं त्याचं म्हणणं कोण ऐकतं?

निपाणीची_मास्तरीण

काका, तुमची शंका रास्त आहे, पण दोन गोष्टी एका तागडीत घालू नका. आपली माणसं निवेदन घेऊन, घोषणा देत जातात. त्यांना अडवणं वेगळं आणि गावं जाळून पोरांच्या हातात बंदुका देणाऱ्यांना अडवणं वेगळं. शिवाय जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्ध आपण उच्च न्यायालयात जाऊ शकतो.

सुरक्षा परिषदेच्या यादीबाबत मात्र तुमचा प्रश्न अगदी वर्मावर बसतो. नाव समितीत पंधरा सदस्यांच्या सहमतीने जातं आणि निघायलाही सहमती लागते. २००६ मध्ये नाव काढण्याच्या अर्जासाठी एक खिडकी उघडली. २००९ मध्ये अल-कायदाच्या यादीसाठी स्वतंत्र लोकपालाचं पद निर्माण केलं, पण ते त्या एकाच यादीपुरतं. कांगोच्या, मध्य आफ्रिकेच्या किंवा येमेनच्या यादीतल्या माणसाला न्यायाधीशासारखं कोणी भेटत नाही. हे मला आजही खटकतं. बंदी योग्य असली तरी दाद मागायची जागा हवी.

तिळकवाडी_निवृत्त

बँकेत परकीय चलन विभागात नोकरी केली, त्यावरून थोडं.

भारतात हे ठराव लागू होतात ते १९४७ च्या संयुक्त राष्ट्रे (सुरक्षा परिषद) कायद्याखाली. अतिरेकी गटांच्या पैशासाठी यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याचं कलम ५१-अ आहे. यादी सरकारकडून बँकांपर्यंत येते आणि प्रत्येक परदेशी व्यवहाराचं नाव त्या यादीशी ताडून बघावं लागतं.

सुभेदार साहेबांच्या मताला मी पूर्ण होकार देत नाही. शस्त्रबंदीने उलटंही होतं. १९९१ मध्ये ठराव ७१३ ने सगळ्या युगोस्लाव्हियावर शस्त्रबंदी घातली. सर्ब बाजूकडे जुन्या सैन्याची कोठारं आयती होती. बोस्नियाच्या सरकारकडे काही नव्हतं आणि बंदीमुळे बाहेरून काही आणता येईना. बोस्नियाची राजधानी साराजेव्होला वर्षानुवर्षं वेढा पडला. न्याय म्हणून घातलेली बंदी बळवंताच्या बाजूला जाऊन बसली.

माजी_सुभेदार

बँकवाले साहेब, तुमचं उदाहरण मला मान्य. म्हणूनच नंतर बंदी फक्त बंडखोरांवर ठेवायची पद्धत पडली ना? सिएरा लिओनमध्ये १९९८ ला ठराव ११७१ झाला, सरकार मोकळं आणि आरयूएफ बंडखोरांवर बंदी. कांगोत २००८ पासून तसंच. सोमालियात डिसेंबर २०२३ मध्ये सरकारवरची जुनी बंदी उठली आणि अल-शबाब या अतिरेकी गटावर राहिली. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात २०२४ मध्ये तेच.

पण तिथं दुसरी गळती लागते. सरकारला मोकळीक दिली की सरकारी कोठारातला माल बाजारात येतो. पगार वेळेवर नाही, शिपाई गोळ्या विकतो. संपूर्ण तुकडीच फुटून बंडखोर होते. एम-२३ ची सुरुवातच २०१२ मध्ये सरकारी सैन्यातून फुटलेल्यांनी केली. तज्ज्ञ गटाच्या अहवालांत कांगोच्या सैन्याकडून गटांकडे जाणाऱ्या हत्यारांचा उल्लेख वारंवार येतो. म्हणून कोठाराला कुलूप, रायफलीवर नंबर, नंबरांची वही ही कामं शस्त्रबंदीइतकीच महत्त्वाची. आपल्या पलटणीत एक राउंड कमी निघाला तर रात्रभर कोणी झोपत नाही. तिथं पेट्याच्या पेट्या नाहीशा होतात.

उद्यमबागकर

मी उद्यमबागेत एका फौंड्रीच्या एक्स्पोर्ट खात्यात आहे. आम्ही हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडी, पंपाचे भाग असं कास्टिंग पाठवतो. बंदुकीशी आमचा काही संबंध नाही, तरी हा धागा वाचून लिहावंसं वाटलं.

गेल्या काही वर्षांत परदेशी गिऱ्हाईक कागद वाढवत चाललंय. माल शेवटी कोण वापरणार याचं पत्र, म्हणजे एंड यूजर सर्टिफिकेट. निर्बंध असलेल्या देशात वा माणसाला जाणार नाही असं हमीपत्र. डीजीएफटीची (परकीय व्यापार महासंचालनालयाची) स्कोमेट यादी, म्हणजे निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तूंची यादी बघावी लागते, कारण साधा वाटणारा व्हॉल्व्ह किंवा मशीनसुद्धा लष्करी कामाला जाऊ शकतं. एकदा आमचं पेमेंट कित्येक दिवस अडकलं. माल पोचलेला, गिऱ्हाइकाने पैसे पाठवलेले आणि मधल्या बँकेत नाव जुळलं म्हणून होल्ड. इकडे महिनाअखेर, कामगारांचा पगार, पिग आयर्नवाल्याचा तगादा. शेवटी कळलं, गिऱ्हाइकाचं आणि यादीतल्या कोणाचं तरी आडनाव एक.

त्यात लाल समुद्र. येमेनच्या हुथी बंडखोरांनी २०२३ च्या शेवटी जहाजांवर हल्ले सुरू केले आणि न्हावा शेवाहून युरोपला जाणारे आमचे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून जायला लागले. भाडं वाढलं, दिवस वाढले. हुथींवर तर २०१५ पासून शस्त्रबंदी आहे म्हणतात.

तिळकवाडी_निवृत्त

होय, ठराव २२१६, एप्रिल २०१५. तरी त्यांच्याकडे क्षेपणास्त्रं आली. समुद्रात पकडलेल्या होड्यांतून माल निघाला, तज्ज्ञांनी इराणकडे बोट दाखवलं, इराणने नाकारलं. तिथं पुरवठादाराला हात लावायची परिषदेत एकी नाही, कारण पाच कायम सदस्यांकडे नकाराधिकार आहे. इथं मात्र सुभेदारांचं म्हणणं पटतं.

नाव जुळण्याबद्दल सांगतो. यादीत अरबी, आफ्रिकी नावं रोमन अक्षरांत पाच-पाच प्रकारे लिहिलेली असतात, टोपणनावं वेगळी. संगणक थोडं जुळलं तरी घंटा वाजवतो. मग जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, देश बघून माणसाने निर्णय घ्यायचा असतो. गिऱ्हाइकाचा नोंदणी दाखला आणि मालकाच्या पासपोर्टची प्रत तुमच्या फाइलीत आधीच असेल तर होल्ड लवकर सुटतो. नवीन गिऱ्हाईक घेतानाच मागून ठेवा.

निपाणीची_मास्तरीण

एंड यूजर सर्टिफिकेटचा विषय निघालाच आहे तर तिथंच थांबू या, कारण सगळी शस्त्रबंदी त्या एका कागदापाशी मोडते.

मार्च १९९९. युक्रेनमधून ६८ टन शस्त्रं विमानाने बुर्किना फासोच्या राजधानीत उतरली. कागद पक्के, बुर्किना फासोच्या संरक्षण खात्यासाठी. तिथून लहान विमानाच्या फेऱ्या करून माल लायबेरियात गेला आणि आरयूएफपर्यंत. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी डिसेंबर २००० च्या अहवालात हा सगळा प्रवास मांडला. युनिटाच्या बाबतीतही तसंच. मार्च २००० चा अहवाल कॅनडाचे राजदूत रॉबर्ट फाउलर यांच्या समितीचा. त्यात टोगो आणि बुर्किना फासोच्या राष्ट्राध्यक्षांची नावं सरळ लिहिली. संयुक्त राष्ट्रांच्या कागदात पदावर असलेल्या राष्ट्राध्यक्षांना असं नाव घेऊन दोष देणं तोवर कोणी केलं नव्हतं.

आपल्या देशातही झालंय. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री पश्चिम बंगालात पुरुलियाला विमानातून एके रायफली आणि गोळ्यांच्या पेट्या टाकल्या. गावकऱ्यांना सकाळी शेतात सापडल्या. बल्गेरियात घेतलेला माल आणि कागदावरचा ग्राहक बांगलादेश. एक बनावट कागद आणि आकाशातून बंदुका पडल्या.

येळ्ळूरचा_गडी

मॅडम, मग आरयूएफ संपलं कसं?

माजी_सुभेदार

हे मी सांगतो, कारण त्यात आपल्या फौजेची माणसं अडकली होती.

मे २००० मध्ये आरयूएफने संयुक्त राष्ट्रांच्या सुमारे ५०० शांतिसैनिकांना ओलीस धरलं. आपल्या गुरखा पलटणीच्या दोन कंपन्या सिएरा लिओनच्या कैलाहुनमध्ये वेढ्यात. ७५ दिवस. अन्न संपत आलेलं, बंडखोर म्हणत होते हत्यारं टाका आणि जा. हत्यारं टाकली नाहीत. जुलैच्या मध्यावर पावसात ऑपरेशन खुकरी झालं आणि सगळे लढत बाहेर पडले. त्या वेळी आम्ही इकडे रेडिओला कान लावून बसायचो.

त्याच वर्षी फेब्रुवारीत आरयूएफचा पुढारी फोडे सांकोह प्रवासबंदी असताना दक्षिण आफ्रिकेपर्यंत जाऊन आला होता. म्हणजे कागदावरच्या बंदीची किंमत काय होती ते बघा. मग कागद बदलला. जुलै २००० मध्ये ठराव १३०६ ने सिएरा लिओनच्या दाखला नसलेल्या हिऱ्यांवर बंदी आली, कारण बंदुकीचा पैसा खाणीतून येत होता. मार्च २००१ मध्ये ठराव १३४३ ने थेट लायबेरियाला पकडलं. शस्त्रबंदी, हिरेबंदी, सरकारातल्या बड्या माणसांवर प्रवासबंदी. लायबेरियाचा राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर, त्याची माणसं विमानतळावर अडायला लागली. इकडे ब्रिटिश सैन्य उतरलेलं, शांतिसेना वाढवलेली. जानेवारी २००२ मध्ये युद्ध संपल्याचं जाहीर झालं. टेलरला २०१२ मध्ये ५० वर्षांची शिक्षा झाली. २०१० मध्ये परिषदेने सिएरा लिओनवरचे निर्बंध उठवलेही.

एकट्या बंदीने झालं असं मी म्हणत नाही. फौज लागली. पण फौज आधीपासून होती आणि वेढ्यात बसली होती. शेजाऱ्याचं नळकांडं बंद झालं तेव्हा पारडं फिरलं.

एम-२३ चं पण तेच. २०१२ मध्ये गोमा पडलं तेव्हा एम-२३ ला पाठबळ दिल्याचा आरोप असलेल्या शेजारी रवांडाला मदत देणाऱ्या पाश्चात्त्य देशांनी पैसे रोखले. २०१३ च्या मार्चमध्ये परिषदेने लढाईचा अधिकार असलेली ब्रिगेड मंजूर केली. त्या नोव्हेंबरात एम-२३ हरलं. मग सगळ्यांनी हात झटकले. २०२१ च्या शेवटी ते परत उभे राहिले. तज्ज्ञ गट दरवर्षी रवांडाच्या सैन्याचं नाव लिहीत राहिला, रवांडा नाकारत राहिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये ठराव २७७३ ने रवांडाच्या सैन्याला मदत थांबवून मागे जायला सांगितलं, अमेरिकेने रवांडाच्या एका मंत्र्यावर निर्बंध घातले, युरोपने मार्चमध्ये काही कमांडरांवर. शहर पडल्यावर. हेच दोन वर्षं आधी केलं असतं तर? मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही. त्या शहरात आमची माणसं ज्या चौकात पाण्याचे टँकर उभे करायची, तिथं प्रेतं पडली.

शहापूर_पेठ

सुभेदार, तुमचा राग पोचला. फक्त एक विचारतो. शेजारी देशावर निर्बंध घातले की तिथली गरीब माणसंच मरतात ना? इराकमध्ये नव्वदच्या दशकात काय झालं ते वर्तमानपत्रात वाचलंय.

निपाणीची_मास्तरीण

इराकवरचे निर्बंध सगळ्या व्यापारावर होते. त्या अनुभवानेच पुढे नावानिशी, वस्तूनिशी बंदी घालायची पद्धत आली. डिसेंबर २०२२ मध्ये ठराव २६६४ झाला, की मालमत्ता गोठवण्याच्या नियमात मदतकार्य अडकू नये. औषध, धान्य नेणाऱ्या संस्थेला बँक अडवणार नाही. पंधरापैकी एकटा भारत तटस्थ राहिला. अतिरेकी गट मदतसंस्थांचा बुरखा घेतात, हे आपलं म्हणणं. आपल्या शेजाराचा अनुभव पाहता ते खोटं नाही. तरी माझं मत ठरावाच्या बाजूने आहे. उपाशी गावाने आधी कागद भरावा असं मला म्हणवत नाही.

आणि एक आठवण ठेवा. हे अहवाल लिहिणारी माणसं टेबलाशी बसत नाहीत. मार्च २०१७ मध्ये कांगोच्या कसाई भागात मायकेल शार्प आणि झैदा कातालान या दोन तज्ज्ञांना चौकशीला गेले असताना मारलं.

माजी_सुभेदार

त्या दोघांना माझा सॅल्यूट. काडतुसाचं बूड बघणारी ती जात आहे. त्यांच्याकडे बंदूक नसते.

येळ्ळूरच्या पोरा, भरती होऊन कधी मिशनवर गेलास तर एवढं कर. जप्त केलेल्या हत्याराचा नंबर खोडलेला असला तरी खोडलेल्या जागेचा फोटो घे. काडतुसं धुऊ नको, एकत्र ओतू नको, कुठल्या पिशवीत कुठली होती ते लिही. पेटीवरचं लेबल फाडू नको, लॉट नंबर तिथंच असतो. आपल्याला वाटतं कचरा आहे, पण त्यावरून विकणाऱ्यापर्यंत पोचता येतं.

उद्यमबागकर, तुमच्यासाठीही. दुबई-शारजाच्या ट्रेडरची ऑर्डर असेल तर माल पुढे कोणत्या बंदरात उतरणार आणि कोणाच्या मशीनवर बसणार ते लेखी मागा. उत्तर गोलमाल आलं तर साहेबांना सांगा, स्वतः सही करू नका.

उद्यमबागकर

साहेब, शुक्रवारी व्हॉल्व्ह बॉडीचं एक डिस्पॅच आहे, ट्रेडरचंच. फॉर्म आत्ता परत उघडून बघितला. शेवटच्या वापरकर्त्याच्या रकान्यात "खरेदीदाराप्रमाणे" एवढंच लिहिलंय. आजच ट्रेडरला मेल टाकतो, नाव आल्याशिवाय शिपिंग बिल पुढे पाठवत नाही. तिळकवाडीचे साहेब, त्या नोंदणी दाखल्याबरोबर आणखी काय मागू?

तिळकवाडी_निवृत्त

वापरकर्त्याचा कारखाना कुठं आहे तो पत्ता आणि मागच्या खरेदीचं एखादं बिल. पत्ता नकाशावर शोधा. फौंड्रीचा माल घेणाऱ्याच्या पत्त्यावर नुसती पोस्टपेटी निघाली तर डिस्पॅच थांबवा.